येवला : एकास सत्त्याऐंशी

भारतातल्या मॉडेल रेल्वेवाल्यांचं दुखणं पावणेतीन मिलिमीटरचं आहे.

आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असतं. छोट्या रेल्वेच्या छंदात जगभर सर्वाधिक चालतं ते 'एचओ' प्रमाण, म्हणजे एकास सत्त्याऐंशी. १६७६ ला ८७ ने भागलं की सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. दुकानात मिळणारा एचओचा रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेला. म्हणजे कुणी हौसेनं कर्नाटक एक्स्प्रेसचा डबा अगदी मापात बनवला, रंग, खिडक्या, पायऱ्या सगळं जुळवलं, तरी तो उभा राहणार परक्या रुळावर. डब्याचं अंग भारतीय, पाय युरोपीय.

बघायला आलेल्यांना हे दिसत नाही. पोरांना तर नाहीच. गाडी फिरली, शिट्टी वाजली की त्यांचं समाधान झालं. पण या छंदात एक पंथ असा आहे की हे पावणेतीन मिलिमीटर त्याला झोपू देत नाहीत. खऱ्या रेल्वेला हे लोक 'प्रोटोटाइप' म्हणतात, आणि म्हणून हे प्रोटोटाइपवाले. कल्पनेतलं गाव, कल्पनेतली गाडी त्यांना नको असते. त्यांना हवं असतं अमुक स्टेशन, अमुक सालचं, अमुक महिन्यातलं. त्या दिवशी मालधक्क्यावर जी वाघीण, म्हणजे मालाचा डबा, उभी होती तीच हवी, अंगावरच्या आकड्यांसकट. छंदातली बाकीची मंडळी त्यांना थट्टेनं 'रिव्हेट मोजणारे' म्हणतात. ते खरोखरच रिव्हेट मोजतात, त्यामुळे थट्टा त्यांना लागत नाही.

असे लोक एकत्र जमतात तेव्हा करतात काय? आणि तसा प्रादेशिक मेळावा आपल्याकडे, समजा येवल्यात, भरवायचा ठरवला तर टेबलावर मांडायला काय सापडेल? या लेखाचा विषय एवढाच. येवलाच का, ते ओघानं येईल.

कोथरूड आणि भुसावळ

महाराष्ट्रात छोटी रेल्वे बघायची म्हटलं की पाय आधी पुण्याकडे वळतात. कोथरूडमधलं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. बी. एस. ऊर्फ भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या हौसेचं ते फळ. एका दालनात अख्खं शहर मांडलेलं आहे. उड्डाणपूल आहे, डोंगरावर चढणारी दोराची गाडी आहे, टांगती मोनोरेल आहे, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे. निवेदन सुरू होतं, एकेक गाडी निघते, मग दालनातला उजेड मंदावत जातो आणि शहराची रात्र होते. घरं, रस्ते, डबे आतून उजळतात. पुण्यातल्या कितीतरी मुलांनी सिग्नल म्हणजे काय हे पहिल्यांदा इथेच ओळखलं असेल. रेल्वे म्हणजे नुसतं इंजिन नव्हे, रूळ, सांधे आणि सिग्नल यांचं एकमेकांशी बांधलेलं वेळापत्रक आहे, हे इथे न सांगता कळतं.

पण हे शहर नकाशावर कुठेच नाही. ते भाऊंच्या मनातलं आहे, आणि तसं असण्यातच त्याची गंमत आहे.

दुसरं ठिकाण भुसावळ. तिथल्या क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्थेत नवे स्टेशन मास्तर, ट्रेन मॅनेजर (पूर्वीचे गार्ड) वगैरे कर्मचारी तयार होतात, आणि त्यांच्या शिक्षणासाठी तिथे 'मॉडेल रूम' आहे. टेबलांवर स्टेशनं, लूप लाइन, सिग्नल, ब्लॉक यंत्रं. एका स्टेशनावरून दुसऱ्याकडे 'लाइन क्लिअर' मागायची, ती मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, सांधा बसल्याशिवाय सिग्नल पाडायचा नाही, हे सगळं तिथे हातानं करून शिकवतात. तिथली गाडी छोटी आहे, नियम मात्र पूर्ण मापाचे आहेत. कोथरूडला जी रेल्वे खेळ म्हणून धावते तीच भुसावळला नोकरी म्हणून धावते.

प्रोटोटाइपवाले या दोहोंच्या मधले. कोथरूडचा आनंद त्यांना हवा असतो आणि भुसावळची शिस्तही. त्यात ते तिसरी गोष्ट घालतात : पुरावा. अमुक कशावरून, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असावंच लागतं.

जिथे बक्षीस नसतं

अमेरिकेत मॉडेल रेल्वेवाल्यांची राष्ट्रीय संघटना १९३५ मध्ये स्थापन झाली. चाकाची जाडी, रुळाची उंची, गाड्या जोडण्याचे आकडे यांची प्रमाणं तिने ठरवली आणि स्पर्धाही रुजवल्या. परीक्षक मॉडेल बघतात, गुण देतात, पुरेसे गुण झाले की 'मास्टर' ही पदवी मिळते. या चाकोरीला कंटाळलेल्या प्रोटोटाइपवाल्यांनी आपले वेगळे मेळावे सुरू केले. शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावात नव्वदच्या दशकात सुरू झालेला मेळावा त्यांतला सर्वांत नावाजलेला. तो सुरू करणारे मार्टिन लॉफ्टन 'सनशाइन मॉडेल्स' या नावाने रेझिनच्या वाघिणींचे सुटे संच बनवत.

या मेळाव्यांचा पहिला नियम असा की परीक्षक नाहीत, गुण नाहीत आणि पहिला-दुसरा नंबरही नाही. लांबलचक टेबलं लावलेली असतात. ज्यानं त्यानं आपल्या वाघिणी, डबे, इंजिनं आणून मांडायची, शेजारी एक कार्ड ठेवायचं : ही वाघीण कुठल्या कंपनीची, कुठल्या सालची, कुठल्या फोटोवरून बनवली, दुकानच्या मालातलं काय बदललं. अर्धवट काम मांडायला हरकत नसते. उलट लोक त्याच्याभोवतीच जास्त घुटमळतात. रंग लागलेल्या वाघिणीत बनवणाऱ्याची करामत दडून जाते. रंग न लागलेलीत सगळं उघडं असतं. दुकानातून आलेला भाग राखाडी, स्वतः कापून चिकटवलेला प्लॅस्टिकचा पत्रा पांढरा, हँडलं आणि पायऱ्या पितळी तारेच्या. तीन रंगांवरून कळतं की माणसानं कुठे जीव लावला आहे.

शेजारच्या खोलीत व्याख्यानं चालतात. एखादा गृहस्थ तासभर फक्त वाघिणींच्या छपरांवर बोलतो, आणि लोक वह्या काढून लिहून घेतात. आधाराला असते रेल्वे कंपन्यांची 'ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर' नावाची जाडजूड यादी, तिच्यात प्रत्येक मालिकेतल्या वाघिणींची लांबी-रुंदी आणि संख्या छापलेली असते. आणि असतात जुन्या गार्डांच्या खिशातल्या वह्या. कुठल्या गाडीत कुठल्या कंपनीच्या कुठल्या नंबरच्या वाघिणी होत्या, हे गार्ड पेन्सिलीनं टिपून ठेवी. नोकरीच्या सक्तीपायी लिहिलेल्या त्या वह्या आज इतिहासाचं साधन झाल्या आहेत. अमेरिकेतल्या अनेक जुन्या रेल्वे कंपन्यांच्या नावाने अभ्यासमंडळं आहेत. सांता फे रेल्वेच्या मंडळाच्या तर नावातच 'इतिहास' आणि 'मॉडेलिंग' हे दोन्ही शब्द शेजारी बसले आहेत.

या मेळाव्यांचं खरं कारण इथे आहे. नेमकेपणा एकट्याला परवडत नाही. एकाकडे वाघिणीच्या डाव्या बाजूचा फोटो असतो, उजव्या बाजूचा दुसऱ्याकडे. तिसऱ्याच्या वडिलांनी ती वाघीण रंगवलेली असते, चौथ्याकडे कारखान्याचा नकाशा असतो. चौघं एका टेबलाशी आले की वाघीण पुरी होते. कल्पनेतलं गाव बनवणाऱ्याला कुणाची गरज नसते; खरं गाव बनवणाऱ्याला अख्ख्या गावाची असते.

रुंद रुळांची भावकी

पावणेतीन मिलिमीटरचं दुखणं आपल्या एकट्यांचं नाही. ब्रिटनमध्ये लोकप्रिय झालेलं 'डबल ओ' प्रमाण एका फुटाला चार मिलिमीटरचं, पण गाड्या पळतात त्याच साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर. चार फूट साडेआठ इंचांचा मार्ग त्यामुळे चार फूट दीड इंचांचा होऊन बसतो. बहुतेकांनी ते चालवून घेतलं. साठच्या दशकात काही जणांनी बंड केलं आणि १८.८३ मिलिमीटरचा नेमका रूळ, पातळ चाकं, बारीक सांधे यांची स्वतंत्र प्रमाणं बांधली. त्यांची 'स्केलफोर सोसायटी' आजही आहे. स्पेन-पोर्तुगालचा मार्ग १६६८ मिलिमीटरचा, आपल्यापेक्षा जेमतेम आठ मिलिमीटर कमी. पण तिथल्या एचओ गाड्याही सर्रास साडेसोळावरच विकल्या जातात. आयर्लंडचा मार्ग १६०० मिलिमीटरचा, आणि तिथले हट्टी लोक चार मिलिमीटरच्या प्रमाणात २१ मिलिमीटरचा रूळ हातानं घालतात.

यात आपल्या फायद्याचा एक हिशेब दडलेला आहे. आपल्याला हवेत सव्वाएकोणीस मिलिमीटर. ब्रिटिश बंडखोरांचा रूळ १८.८३ चा. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. त्यांच्या दुखण्यावरचं औषध आपल्याला जवळजवळ लागू पडतं. दुसरी पळवाट प्रमाणच बदलण्याची. साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर १६७६ बसवायचे तर प्रमाण एकास एकशे दीडच्या घरात जातं. मग रूळ नेमका, पण बाकी जग वेगळ्या मापाचं. दुकानातला माणूस, झाड, मोटार काहीच चालत नाही. तिसरा मार्ग बहुतेक जण पत्करतात. साडेसोळावर डबा ठेवायचा, बाजूनंच बघायचं आणि समोरून फोटो काढायचा नाही.

एका तालुक्यात दोन रेल्वे

आता येवला. पैठणीचं गाव, सेनापती तात्या टोपे यांचं जन्मगाव, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथून धर्मांतराची घोषणा केली ते गाव. रेल्वेवाल्याच्या नजरेनं बघितलं तर या तालुक्याची ओळख आणखी एक आहे : इथे दोन वेगळ्या मापांच्या रेल्वे शंभर वर्षांच्या आसपास शेजारीशेजारी नांदल्या.

पहिली दौंड-मनमाड. सुमारे २३५ किलोमीटरचा हा ब्रॉडगेज मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या काळात. सरकारनं बांधलेला मार्ग पुढे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं चालवला. उत्तरेकडून येणारी गाडी मुंबईला वळसा न घालता थेट दक्षिणेकडे जाते ती याच वाटेनं. झेलम, कर्नाटक, गोवा एक्स्प्रेस इथूनच जातात. येवला स्टेशन याच मार्गावर.

दुसरी निजामाची. हैदराबादहून गोदावरीचं खोरं धरून मनमाडपर्यंत आलेला मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. येवला तालुक्यातलं नगरसूल स्टेशन या मार्गावर. अजिंठा एक्स्प्रेस मूळची इथली मीटरगेजची गाडी. मनमाडला दोन गेज भेटत, म्हणजे प्रवाशांनी गाडी बदलायची आणि हमालांनी माल एका वाघिणीतून दुसरीत टाकायचा. नव्वदच्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला. आजही तालुक्यातली येवला आणि नगरसूल ही दोन स्टेशनं दोन वेगवेगळ्या रेल्वेंची आहेत : येवला मध्य रेल्वेचं, नगरसूल दक्षिण मध्य रेल्वेचं.

दोन वाटा फुटतात त्या परिसरात अंकाई-टंकाई हा जोडकिल्ला उभा आहे, अंगावर लेणी घेऊन. पलीकडे मनमाडच्या बाजूला हडबीच्या शेंडीचा सुळका. देखावा म्हणून याहून चांगलं काय मिळणार? पण प्रमाणाचा हिशेब इथेही सुटत नाही. किल्ल्याची पायथ्यापासूनची उंची तीनशे मीटर धरली तरी एकास सत्त्याऐंशीत ती साडेतीन मीटर होते. घराचं छत फुटेल. म्हणून डोंगर भिंतीवर रंगवायचा आणि त्याच्या पायाशी तेवढे खरे दगड मांडायचे.

आता तो गेजचा हिशेब नगरसूलला लावून बघा. मीटरगेज म्हणजे १००० मिलिमीटर, ८७ ने भागलं की साडेअकरा. स्वित्झर्लंडमधल्या डोंगरी रेल्वे मीटरगेजच्या आहेत, म्हणून 'बेमो'सारख्या कंपन्या एचओ प्रमाणात १२ मिलिमीटरचा रूळ बनवतात. फरक उरतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. रोज डोळ्यांसमोर असलेलं येवला स्टेशन नेमकं बनवणं अवघड, आणि जे मीटरगेज नगरसूल उखडून गेलं त्याला लागणारा रूळ तयार विकत मिळतो. अर्थात रूळच तेवढा मिळतो. त्यावर उभं राहणारं वायपी किंवा वायजी इंजिन, चार चाकी वाघिणी, स्टेशनची इमारत हे सगळं नकाशे आणि फोटो जमवून हातानंच करावं लागेल. इंजिनाचे फोटो मिळतात, कारण इंजिनाचे फोटो सगळेच काढतात. शौचालयाच्या टाकीचा, पाणपोईचा, पार्सल ऑफिसच्या दाराचा फोटो कोण काढतो?

टेप न लावता मोजणी

स्टेशन मोजायचं म्हणजे टेप घेऊन रुळांत उतरायचं नव्हे. परवानगीशिवाय रुळांत जाणं रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि गाडी कलम वाचत नाही. प्लॅटफॉर्म तिकीट काढावं, फलाटावर उभं राहावं आणि रेल्वेनंच ठेवलेली मापं वापरावीत.

पहिलं माप स्लीपर. मुख्य मार्गावर आता किलोमीटरला १६६० काँक्रीट स्लीपर घालतात, म्हणजे एकापासून दुसरा सुमारे ६० सेंटिमीटरवर. फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्लीपर मोजले की लांबी मिळाली. दुसरं माप विजेचे खांब. दौंड-मनमाड मार्गाचं विद्युतीकरण झाल्यापासून खांबच खांब आहेत, आणि प्रत्येकावर किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधला क्रमांक रंगवलेला असतो. सांधा कुठल्या खांबापाशी, फाटक कुठल्या खांबापाशी, एवढं टिपलं तरी यार्डाचा कच्चा नकाशा होतो. तिसरं माप स्वतःची काठी. एक मीटरची, दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरी रंगवलेली. ती भिंतीला टेकवून फोटो काढला की घरी बसून खिडकी, दार, कौलांची ओळ सगळं मोजता येतं.

मग भागाकार. उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो, मॉडेलात सुमारे पावणेनऊ ते पावणेदहा. विजेची तार साधारण साडेपाच मीटरवर, मॉडेलात ६३ मिलिमीटर. ती तार स्वतः सव्वाबारा मिलिमीटर जाडीची, मॉडेलात ०.१४. आयसीएफचा जुना डबा २१,३३७ मिलिमीटर लांब, म्हणजे २४५. नवा एलएचबी २३,५४० लांब, म्हणजे २७१. रूळसुद्धा मोजावा लागतो. ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच, एचओत दोन मिलिमीटरला थोडा कमी. दुकानात सर्रास मिळणारा 'कोड १००' रूळ अडीच मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्यक्षात २२० मिलिमीटर उंचीचा. एवढा उंच रूळ कुठल्याच रेल्वेनं घातलेला नाही.

आणि जागा? चोवीस डब्यांची एलएचबी गाडी इंजिनासकट सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेलात जवळजवळ सात मीटर. मालगाडीची लूप लाइन आठ मीटर. येवला ते मनमाड अंतर मापात घालायचं तर तीनशे मीटर जागा लागेल. इतकी जागा येवल्याच्या बाजार समितीलाच परवडेल. यावर अमेरिकेतले मॉडेलर-लेखक टोनी कोस्टर यांनी रुजवलेली तोड अशी : सगळा मार्ग नको, एक खरं स्टेशन घ्या. त्याच्या रुळांची रचना, सांध्यांचा क्रम, मालधक्क्याची बाजू जशीच्या तशी ठेवा. लांबी मात्र आखडा. चोवीस डब्यांच्या जागी आठ येऊ द्या. स्टेशन मास्तरला ते आपलं स्टेशन म्हणून ओळखू आलं की जमलं.

कुठलं साल?

प्रोटोटाइपवाल्याला सगळ्यांत आधी विचारला जाणारा प्रश्न हा. 'जुनं येवला' हे उत्तर चालत नाही.

१९७० च्या आसपासचं घेतलं तर ब्रॉडगेजवर वाफेचं डब्ल्यूजी इंजिन, लालसर डबे, चार चाकी वाघिणी, आणि मीटरगेजवर निजामाच्या वाटेनं धावणारी वायपी. १९८५ चं घेतलं तर डब्ल्यूडीएम-२ डिझेल. डबे अजून लालच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते निळे होऊ लागतात, म्हणून १९८५ च्या येवल्यात निळा डबा उभा केला की अभ्यास उघडा पडतो. विद्युतीकरणानंतरचं घेतलं तर खांब आणि तारा आल्या. आजचं घ्यायचं तर घाई करावी, कारण मार्गाच्या दुहेरीकरणात यार्डाची रचना पालटते, जुन्या खोल्या पाडल्या जातात.

मालाचं सालही नेमकं लागतं. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल नाशिकजवळच्या देवळालीहून दानापूरला सुटली, आणि २०२१ च्या सुरुवातीला नगरसूलहून कांदा घेऊन गुवाहाटीकडे गाड्या निघाल्या. तो कांदा पार्सल व्हॅनमधून गेला. त्याआधीच्या काळातला कांदा बंद वाघिणींतून जाई. नगरसूलच्या मालधक्क्यावर गोणी भरतानाचं दृश्य बनवायचं, तर मागे व्हॅन उभी करायची की बंद बीसीएन वाघीण, हे कॅलेंडर ठरवतं.

आणि एक साल असं आहे की ते निवडायला धाडस लागेल : ऑक्टोबर १९३५. त्या वेळी जीआयपी सरकारी व्यवस्थापनाखाली होती. धर्मांतराच्या घोषणेच्या त्या परिषदेच्या दिवशी येवला स्टेशनात किती गाड्या थांबत होत्या, कुठल्या वेळी, तिसऱ्या वर्गाचे डबे कसे होते, फलाट होता की जमिनीवरच उतरावं लागे? त्या परिषदेच्या जागी, मुक्तिभूमीवर, आज जाणाऱ्याला त्या दिवसाचं भाषण माहीत असतं. त्या दिवसाचं स्टेशन कुणी मांडलेलं नाही. जीआयपीचं त्या हिवाळ्याचं वर्किंग टाइम टेबल, डब्यांचे नकाशे आणि जुना यार्ड-नकाशा हाती आले तर तेही मांडता येईल. रिव्हेट मोजणाऱ्यांची ही मोजणी इतिहासकाराच्या कामाला येत नाही असं कोण म्हणेल?

वाघिणीची जन्मपत्रिका

एक गोष्ट कुणालाही आजच करता येईल. मालगाडी उभी असेल तेव्हा वाघिणीच्या बाजूवरचा अकरा आकडी क्रमांक वाचा. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बनावटीचं साल, नंतरचे चार तिचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा एक पडताळणीचा, म्हणजे आधीच्या दहांपैकी एखादा चुकीचा टिपला गेला तर हिशेब जुळत नाही. जवळच वाघिणीची पूर्ण दुरुस्ती कुठल्या कारखान्यात झाली आणि पुन्हा कधी परत यायची, हेही रंगवलेलं असतं.

मॉडेल बनवणाऱ्याला ही पत्रिका पाळावीच लागते. क्रमांकात ९४ साल असलेली वाघीण १९८८ च्या येवल्यात उभी राहू शकत नाही. पुढच्या दुरुस्तीची तारीख उलटून गेलेली वाघीण भरधाव गाडीत दाखवता येत नाही. आणि दुरुस्ती नुकतीच झाली असेल तर रंग ताजा हवा. तिच्यावर धूळ, गंज, ब्रेकची लालसर पूड चढवण्याचा मोह आवरावा लागतो. छंदात या मळवण्याला 'वेदरिंग' म्हणतात, आणि नवशिक्यांचा हात इथेच सुटतो : सगळ्या वाघिणी सारख्याच मळवल्या जातात. खऱ्या गाडीत एक कालची, एक दहा वर्षांची, एक सिमेंट वाहून पांढरी पडलेली, अशा शेजारी शेजारी असतात.

पूर्वी हे सगळं हातानं कोरावं लागे. आता रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर बारीक जाळ्या, बोल्ट, पायऱ्या छापून निघतात, आणि घरच्या प्रिंटरवर पाण्यानं चिकटणारे क्रमांक तयार होतात. हात स्वस्त झाला, त्यामुळे माहितीची किंमत वाढली. छापायचं काय, हे ज्याला माहीत आहे त्याचंच मॉडेल खरं होतं.

येवल्यातला मेळावा

भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस येवला पतंग उडवायला गच्चीवर असतं. आसारी, म्हणजे मांजाची चक्री, हातात घेतलेला पन्नाशीचा गृहस्थ मांजा, वारा आणि पतंगाची कमान यांवर शेजारच्या गच्चीवरच्या पोराशी भांडतो, आणि त्याला कुणी 'या वयात हे काय' असं विचारत नाही. कारण तो छंद गावाचा आहे. छोट्या रेल्वेचा छंद आपल्याकडे कपाटात राहिला; तो चारचौघांत आला नाही म्हणून त्याला वय चिकटलं. मेळाव्याचं पहिलं काम त्याला बाहेर काढण्याचं.

त्याचं रूपही परकं घ्यायला नको, पण युरोपातल्या 'फ्रेमो' या १९८१ पासूनच्या संघटनेची एक युक्ती उचलण्यासारखी आहे. तिथे प्रत्येक सभासद घरून एखादं स्टेशन किंवा मार्गाचा तुकडा बनवून आणतो. तुकड्यांची टोकं ठरलेल्या मापाची असतात, त्यामुळे कुणाचंही कुणाशीही जुळतं. मोठ्या सभागृहात सगळे तुकडे जोडले की पाहता पाहता मोठा मार्ग तयार होतो, आणि भराभर पळणाऱ्या घड्याळावर वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालतात. येवल्यातल्या एखाद्या मंगल कार्यालयात हे सहज होईल. कुणी मनमाडचं यार्ड आणावं, कुणी पानेवाडीच्या तेल डेपोची टँकर गाडी, कुणी अंकाई, कुणी येवल्याचा मालधक्का, कुणी कोपरगाव. मीटरगेजवाल्यांनी बाजूला नगरसूल मांडावं. दोन गेज मनमाडला भेटतात तिथे चार हमालही उभे करावेत, पाठीवर गोणी असलेले.

पण मॉडेलांहून महत्त्वाचं टेबल वेगळं असेल. त्यावर मॉडेल नसेल, रिकाम्या खुर्च्या असतील, आणि त्या निवृत्त रेल्वेवाल्यांसाठी असतील. गार्डची 'रफ जर्नल' वही घरच्या ट्रंकेत पडली असेल तर ती घेऊन यावं. ज्या सांधेवाल्यानं येवल्याचे सांधे हातानं फिरवले, त्यानं लिव्हर कुठल्या बाजूला होते ते सांगावं. कांद्याच्या जुन्या व्यापाऱ्यानं वाघिणींची मागणी कशी नोंदवावी लागे आणि रेक लागला नाही की काय व्हायचं ते सांगावं. स्टेशनाच्या वर्किंग रूल्समध्ये यार्डाचा नकाशा असतो. जुना नकाशा कुणाकडे आढळला तर त्याची नक्कल करून घ्यावी. पुढ्यात अर्धवट मॉडेल ठेवलं की माणूस बोलतो. 'आठवतं ते सांगा' म्हटलं तर तो बदल्या आणि पेन्शनवर घसरतो. 'इथे दार होतं की खिडकी' असं विचारलं की तो बोट ठेवतो आणि शेजारी बसलेल्याशी वाद घालतो. त्या वादातून स्टेशन उभं राहतं.

यार्ड पालटण्याआधी एवढं झालं तरी पुष्कळ. सुरुवातीला मॉडेल नको, प्रिंटर नको, परदेशी रूळही नको. एक काठी रंगवावी, फलाट तिकीट काढावं, स्लीपर मोजावेत, मालधक्क्याचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि तारीख घालून ठेवावेत. पावणेतीन मिलिमीटरचं काय करायचं, ते नंतर मेळाव्यात बसून ठरवता येईल.